जर्मनच्या दोन नावा

गेल्या महिन्यात मुलाने माझी स्कूटर विकली. मला विचारूनच विकली, पण उत्तर आधी स्वतः ठरवून मग विचारायची एक पद्धत असते, तसं विचारून. "बाबा, आता तुम्ही मागे बसत जा," म्हणाला. मी हो म्हटलं. वाद घालायला जो दम लागतो तो हल्ली माझ्याकडे नसतो. संध्याकाळी धुळ्यातल्या आमच्या घरापुढे उभा होतो. जिथे स्कूटर लावायचो तिथे तेलाचा डाग तेवढा राहिला होता. त्या डागाकडे बघता बघता मला झिपरू आबांची आठवण आली आणि ती आजतागायत गेलेली नाही.

झिपरू आबा मच्छीमार संस्थेचे चेअरमन होते आणि मी त्या संस्थेचा पगारी सचिव. ऐंशी सालानंतरची गोष्ट. चाळीसगावहून एसटीने तासाभरावर एक धरण आहे. त्याच्या काठाला पत्र्याच्या घरांचं नवं गाव, आणि जुनं गाव पाण्याखाली. नदीच्या डोहात पिढ्यान् पिढ्या मासे धरणारी भोयांची घरं वर येऊन राहिली आणि डोहाऐवजी धरणात जाळी टाकू लागली. त्यांची संस्था झाली. संस्था म्हटली की सचिव लागतो, म्हणून मी. मला पोहता येत नव्हतं आणि मासे मी खात नव्हतो. या दोन्ही गोष्टींची गावाला फार मौज वाटायची.

आबा उंच होते, पण उंची सगळी वाकण्यात गेलेली. अंगात बाराही महिने बाह्या कापलेला खाकी स्वेटर. डोळे अर्धे मिटलेले. नवख्या माणसाला वाटावं, हे आत्ता झोपतील. बऱ्याचदा ते खरोखरच झोपत. संस्थेच्या सभेत तर हटकून. मी मागच्या सभेचा वृत्तांत वाचायला लागलो की आबांची मान छातीवर यायची. खाली भांडण जुंपायचं, कोणाचं जाळं कोणी कापलं, बर्फ कोणी लांबवला. आवाज चढायचे, माणसं उठून उभी राहायची, आणि सगळे ओरडून ओरडून थकले की आबा डोळे उघडून म्हणायचे, "व्हई गयं का? मंग आते चहा सांगा." चहा यायचा आणि भांडण संपायचं. इतकी वर्षं मी त्या सभांना जांभया देत बसलो, पण चहापुढे टिकलेलं भांडण काही मला आठवत नाही.

दर वर्षी निवडणुकीच्या वेळी ते एकच भाषण करत. "माले मोकळं करा रे. थकी गऊ मी." सगळे हसायचे. आबा नाहीतर कोण, असं म्हणून त्यांनाच पुन्हा खुर्चीत बसवायचे. तेही बसायचे. ते खरंच थकले आहेत की ही बोलायची रीत आहे, असा विचार आमच्यापैकी कोणी केला नाही. सारखं थकलो थकलो म्हणणाऱ्या माणसाचं कोणी मनावर घेत नाही, हे मी आता घरी स्वतःच्या बाबतीत रोज अनुभवतो.

आबांचं एक वाक्य होतं, "बठीसन देखूत." बसून बघू. कुठलीही गोष्ट घ्यायची असो, ठरवायची असो, आधी तिच्यात, तिच्यावर नाहीतर तिच्यापाशी बसायचं आणि मग बोलायचं. एकदा चाळीसगावच्या बाजारात मी त्यांच्याबरोबर होतो. अक्कासाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, खाट घ्यायची होती. दुकानदाराने दहा खाटा दाखवल्या. आबा एकीवर बसले, मग आडवे झाले आणि घोरायला लागले. गिऱ्हाइकं येत होती, जात होती. दुकानदार माझ्याकडे बघत होता आणि मी रस्त्याकडे. बऱ्याच वेळाने आबा उठले, डोळे चोळले आणि म्हणाले, "हाई बांधी द्या." दुकानदाराने हात जोडले. म्हणाला, इतका माल विकला, पण असं प्रशस्तिपत्रक कोणी दिलं नव्हतं.

मुलीचं लग्नही त्यांनी असंच ठरवलं. सुनंदाला दोन स्थळं आली होती. आबा प्रत्येक मुलाला जुन्या लाकडी नावेत घालून जाळी उचलायला घेऊन गेले. पहिला पारोळ्याकडचा, टेम्पो चालवणारा, चुणचुणीत. तो नावेत तीनदा उठून उभा राहिला, किती वेळ लागेल म्हणून विचारत राहिला आणि काठ आल्यावर उडी मारून उतरला. दुसरा अमळनेरकडचा. गाडी लागते तशी त्याला नाव लागली. तोंड हिरवं पडलं, दोनदा ओकला, पण जागचा हलला नाही की परत चला म्हणाला नाही. आबांनी घरी येऊन अक्काला सांगितलं, "तो बठी राह्यना. अंडेर सुखी राही." आणि लेक खरोखरच सुखी राहिली. जावईबापू मात्र पुन्हा कधी धरणाकडे फिरकले नाहीत. सासुरवाडीला आले की पाण्याकडे पाठ करून बसायचे.

त्या लाकडी नावेला सगळे म्हैस म्हणत. डांबर लावून लावून ती काळीकुट्ट आणि जड झाली होती. मागच्या टोकाला वल्हं घेऊन आबा बसत. ती जागा त्यांची. तिथे दुसरं कोणी बसलेलं मी पाहिलं नाही. नावेत चढण्यापूर्वी आबांचा एक नेम असे. चपला काठावर काढायच्या आणि त्यांची तोंडं गावाकडे करून ठेवायची. सगळ्यांनीच तसं करायचं, ही त्यांची जुनी रीत. पोरं घाईत कशाही फेकून नावेत उड्या मारत. मग आबा कुरकुरत वाकायचे, एकेक चप्पल वळवायचे आणि सगळ्यात शेवटी चढायचे. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "पाय घरनी वाट इसरतस नही मंग." बस, एवढंच. पाण्यात गेलेल्या माणसांची नावं त्यांनी कधी घेतली नाहीत, पण होती.

एका उन्हाळ्याच्या शेवटी म्हैस गेली. तळाची फळी कुजून निखळली आणि डागडुजीला काही उरलं नाही. अक्काने तिच्या फळ्या चुलीत घालू दिल्या नाहीत, त्यांचं गोठ्याचं दार झालं. आमचं नशीब असं की त्याच वर्षी संस्थेला मागे इंजिन लावलेली नाव घ्यायला मंजुरी आली. एक नाव. धुळ्याचे झुंबरशेठ पंप आणि पाइपांचा धंदा करायचे. त्यांनी जळगावच्या एका कारखान्यातून अॅल्युमिनियमच्या दोन नावा करवून आणल्या, एक अठरा फुटी, एक चौदा फुटी. आम्ही बघून त्यातली एक ठेवायची, दुसरी ते परत नेणार.

ट्रक आला तेव्हा लहान नाव मोठीच्या पोटात ठेवलेली होती. सगळं गाव लोटलं. उन्हात दोन्ही अशा चकाकत होत्या की डोळ्यांवर हात धरावा लागला. अक्का पुढे झाली. तिचं नाव तापी, पण सगळं गाव अक्काच म्हणायचं. ठेंगणी, बोलायला फटकळ. तिने मोठीच्या कडेवर बोटाने टकटक केलं आणि जाहीर केलं, "हाई ते जर्मन शे!" आमच्याकडे अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात, घरोघरी जर्मनची पातेली असतात. त्या क्षणापासून त्या जर्मनच्या नावा झाल्या. थोरली आणि धाकली ही नावंही त्याच दिवशी पडली. दुपारी मी ऑफिसातून बाहेर येऊन बघतो तर बायका राखेने आणि नारळाच्या शेंडीने दोन्ही नावा आतून बाहेरून घासताहेत. शेठचा माणूस कपाळाला हात लावून उभा. अक्का त्याला म्हणाली, "नवं भांडं घास्याबिगर चुल्हावर ठेवतस का?"

"आबा, घाई नाही," झुंबरशेठ म्हणाले होते. "दोन्ही ठेवा. पोळा होऊ द्या, मग सांगा." पोळ्याच्या सुमाराला आमचं धरण काठोकाठ असतं. पाणी पार नव्या गावाच्या पायरीशी येतं. पाऊल टाकलं की नावेत. चैत्रात तेच पाणी इतकं आत सरकतं की गावातून ते चमकतं तेवढं दिसतं, आणि मध्ये सगळा चिखल. वरून वाळलेला, आतून गुडघाभर ओला. नाव घ्यायची ती चैत्र डोळ्यांपुढे ठेवून, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि हे सगळ्यांना शिकवलं कोणी, तर आबांनीच.

आबांनी दोन्ही नावा बसून बघितल्या. थोरलीत ते आख्खी सकाळ बसले. काठाला बांधलेल्या नावेत, मधल्या आडव्या फळीवर गोणपाट टाकून. ऐसपैस जागा होती. मागे इंजिनवाला, पुढे जाळीवाले, मध्ये आबा, तरी पाय लांब करता येत होते. दुपारी जेवायला बोलवायला आलेल्या अक्काला त्यांनी हाताने परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी धाकली. इंजिनाशी राजधर, म्हणजे आबांचा पुतण्या, पुढे जाळं ओढायला भिका, आणि मध्ये आबा. मी काठावर उभा होतो. नाव वाऱ्यासारखी गेली, पण थोड्या अंतरावर जाळं उचलायला लागल्यावर सगळा घोळ दिसायला लागला. ओलं जाळं आबांच्या मांडीवर येत होतं. ते पाय वर घेत होते. मग पुढे सरकले तर नाव पुढे दबली, मागे सरकले तर राजधरचा हात अडकला. "आबा, जरासा आठे सरका," राजधर म्हणत होता. पाण्यावरून आवाज स्वच्छ येत होता आणि तो फार आदराने म्हणत होता. पण पूर्ण वेळ आबांना कोणीतरी सरकवत होतं. लेकाच्या संसारात म्हाताऱ्याची खाट फिरते तसे ते त्या नावेत फिरले.

काठाला आल्यावर दोघं मासे घेऊन वर गेले. आबा इंजिनापाशी गेले. दोरी ओढून ते सुरू करायचं असतं. त्यांनी ओढली. पुन्हा ओढली. मग दोन्ही हातांनी ओढून बघितली. इंजिन खोकलंसुद्धा नाही. त्यांनी दोरी होती तशी नीट गुंडाळून ठेवली आणि माझं लक्ष आहे असं दिसल्यावर म्हणाले, "खांदा दुखस." मला तेव्हाच कळलं की नाव कुठली घ्यायची हा प्रश्नच नव्हता. प्रश्न एवढाच होता की झिपरू आबा उद्यापासून पाण्यावर असणार की काठावर. धाकलीत तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि इंजिन आबांच्याने सुरू होत नव्हतं.

त्या संध्याकाळी मी अक्काच्या ओट्यावर चहा पीत होतो. आबा पाय धुवायला पाण्याकडे गेले होते. राजधर आला तसं अक्काने त्याला विचारलं, "कोनती चांगली शे?"

"धाकली शे, अक्का. दोन जनं खांदावर लई जातीन. थोरली चैतमा कोन ओढी?"

"धाकलीमा त्यासले जागा शे का?" आबा गेले होते त्या दिशेला मान करून अक्काने विचारलं.

राजधरने मान खाली घातली. म्हणाला, "नही."

"मंग थोरली ल्या," अक्का म्हणाली. "बठू द्या त्यासले. आते कितला दिन बठतीन?"

राजधर थोडा वेळ चुळबूळ करत उभा राहिला. मग "हा" म्हणाला आणि गेला. अक्काने माझ्याकडे बघितलं, कपात अजून चहा ओतला आणि दुसऱ्याच कुठल्या विषयावर बोलायला लागली.

सभा भरली. मी विषय वाचला. आबा त्या दिवशी झोपले नव्हते, हे मला विशेष वाटलं. ते ताठ बसले होते, म्हणजे त्यांना जमेल तितके ताठ. "थोरली," ते म्हणाले. "बठीसन देखं मी. थोरली चांगली शे."

भिका उठला. "पन आबा, चैतमा..." त्याच्या शेजारी बसलेल्या राजधरने त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि दाबला. भिकाने त्याच्याकडे बघितलं, बाकीच्यांकडे बघितलं आणि खाली बसला. राजधर म्हणाला, "आबा म्हनतस ते बराबर शे. थोरली." सगळ्यांचे हात वर गेले. ज्या संस्थेत बर्फाच्या पाटीवरून एकमत होत नव्हतं तिथे ठराव एकमुखाने झाला. कोणी कोणाकडे बघत नव्हतं. मी ठराव लिहिला.

दिवाळी ते होळी आबांइतका सुखी माणूस मी पाहिला नाही. गोणपाट टाकून मधल्या फळीवर बसायचे आणि हुकूम सोडायचे. "डावीकडे ले. तठे चिंच शे." पाण्याखाली जुन्या गावाची झाडं उभी होती, त्यांत जाळी अडकत. राजधरला चिंच, वड, मारुतीचा पार, सगळं पाठ होतं. आबांनीच शिकवलेलं. आबा बोलायच्या आधीच त्याने नाव वळवलेली असायची, पण तरी तो "हा, आबा" म्हणायचा. मीही एकदा जीव मुठीत धरून त्यांच्याबरोबर गेलो. एका ठिकाणी आबांनी हात वर केला. "इंजिन बंद कर. घर उनं." राजधरने इंजिन बंद केलं. नाव आपली आपण सरकत राहिली. थोड्या वेळाने आबांनी हात खाली घेतला आणि इंजिन पुन्हा सुरू झालं. पाण्याखालच्या आपल्या जुन्या घरावरून इंजिन वाजवत जायचं नाही, असा त्यांचा नेम होता. परत येताना मी विचारलं, "आबा, यंदा चेअरमनकी सोडता ना?" तर म्हणाले, "देखूत." थकी गऊ हे शब्द त्या हिवाळ्यात त्यांच्या तोंडून एकदाही आले नाहीत.

मग पाणी उतरायला लागलं. आधी हाताच्या अंतरावर, मग हाकेच्या, मग हाकही पोचेना. रोज सकाळी थोरलीला चिखलातून पाण्यापर्यंत ओढत न्यायचं आणि दुपारी परत आणायचं. म्हैस पाण्यापाशीच पडून असे, तिला कोण चोरणार; थोरली तशी सोडून यावी तर इंजिन आणि जाळी चोरीला जाण्याची भीती. सगळे पुरुष दोर खांद्यावर घेऊन ओढत. उन्हात जर्मन इतकं तापे की कडेला हात लागला तर चटका बसायचा. मासे काठावर यायला उशीर होऊ लागला. चाळीसगावचा टेम्पो थांबून थांबून निघून जायचा. माल पडून राहायचा, बर्फ विरघळायचा. घरोघरी कुरबुरी सुरू झाल्या. बायका पाणवठ्यावर एकमेकींवर डाफरायला लागल्या. मी इतकी थकलेली माणसं एका जागी पाहिली नव्हती. सकाळी उठतानाच थकलेली. पण आबांना कोणी एक शब्द बोललं नाही. उलट चिखल लागला की राजधर म्हणायचा, "आबा, तुम्ही बठी राहा." आणि आबांसकट नाव ओढली जायची. चिखलात त्यांचा पाय रुतला तर आणखी पंचाईत, असं सगळ्यांचं म्हणणं.

एका सकाळी मी बर्फाची पाटी घेऊन काठावर आलो होतो. आबा नावेत बसलेले, माणसं पुढे वाकून ओढताहेत. भिका त्यांच्या अगदी पुढ्यात होता. त्याच्या बनियनला खांद्यावर भोक पडलं होतं आणि आत दोराने सोललेली कातडी दिसत होती. आबा बराच वेळ तिकडे बघत होते. मग कोणाला काही न सांगता ते कडेवरून खाली उतरले आणि मागून नाव ढकलायला लागले. दोन पावलं गेले असतील नसतील, मांडीपर्यंत आत गेले. एक पाय काढायला जावं तर दुसरा जास्त रुतायचा. माणसं दोर टाकून धावली. त्यांना बाहेर काढायला जितका वेळ गेला तितक्यात नाव पाण्यात पोचली असती. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. राजधरने त्यांना पाठीवर घेतलं आणि काठावर आणलं. इतका उंच माणूस, पाय लोंबत होते.

दुपारी मी डोकेदुखीची गोळी घेऊन त्यांच्या घरी गेलो. खरं म्हणजे काहीतरी निमित्त हवं होतं. आबा त्याच बाजारातल्या खाटेवर बसले होते. पायावरचा चिखल वाळून पांढरा झाला होता, धुतला नव्हता. अक्का समोर ज्वारी पाखडत होती.

"थोरली चैतमा कामनी नही, हाई तुले मालूम व्हतं?" आबांनी विचारलं.

"बठ्ठा गावले मालूम व्हतं," अक्का म्हणाली. सगळ्या गावाला, हे सांगतानाही सूप थांबलं नाही.

"मंग माले कोनी सांगं कसं नही?"

आता सूप थांबलं. अक्काने त्यांच्याकडे सरळ बघितलं. "तुमले बी मालूम व्हतं," ती म्हणाली. ते रागाने नव्हतं, अजिबात नव्हतं. ती उठली, तांब्याभर पाणी आणलं आणि खाली बसून त्यांचे पाय धुवायला लागली. मी गोळी खाटेवर ठेवून निघून आलो.

दोन दिवसांनी सकाळच्या गाडीने आबा धुळ्याला निघाले, मला बरोबर घेऊन. एसटीत ते जागे होते. झुंबरशेठच्या दुकानात गादीवर त्यांचा मुलगा बसला होता आणि शेठ दाराजवळ एका स्टुलावर. आबांनी त्यांच्या शेजारच्या पोत्यावर बूड टेकलं आणि सांगितलं, थोरली परत घ्या, धाकली द्या.

"काय खराबी निघाली, आबा?" शेठने विचारलं.

"नावमा काही खराबी नही, शेठ. म्हातारा जड पडस."

मुलगा गादीवरून काहीतरी बोलणार होता, त्याला झुंबरशेठनी हातानेच थांबवलं. मग स्वतःच्या स्टुलाकडे बोट दाखवून म्हणाले, "मलापण यांनी गादीवरून इथे आणून बसवलंय. हवा चांगली येते म्हणतात." दोघेही हसले, पण फार वेळ नाही. शेठने चहा मागवला. दुसऱ्या एका धरणावर त्यांना थोरली खपवता येणार होती आणि धाकली अजून त्यांच्या वखारीत पडून होती, त्यामुळे व्यवहार चहाच्या आत उरकला. परतीच्या गाडीत आबा माझ्याशी एकच वाक्य बोलले. खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थकी गऊ मी, भाऊसाहेब." या वेळी मी हसलो नाही.

धाकली आली तेव्हा बायकांनी ती पुन्हा एकदा राखेने घासली. पहिल्या दिवशी राजधर आणि भिका तिला खांद्यावर घेऊन चिखल तुडवत पाण्यापाशी घेऊन गेले. आबा कोरड्या काठावर उभे होते. राजधर तेवढ्यासाठी मागे आला. "आबा, बठा ना. पाठवर लई जास. एक फेरी मारूत."

"इन्हामा दोनच जनं बठतस," आबा म्हणाले. "देखं मी बठीसन." आणि त्याच्या पाठीवर थाप मारून त्यांनी त्याला पाठवून दिलं.

त्यानंतर मी तिथे दोन वर्षं होतो. आबांनी चेअरमनकी सोडली आणि या वेळी कोणी आग्रह केला नाही. ते पुन्हा नावेत बसले नाहीत. मासे वेळेवर टेम्पोत जाऊ लागले, भांडणं पुन्हा बर्फावरून व्हायला लागली, म्हणजे सगळं ठीक झालं. राजधर चांगला चेअरमन झाला. तो सभेत झोपत नसे, त्यामुळे सभा फार लांबत.

मग मला धुळ्याला दुसरी नोकरी लागली. निघायच्या दिवशी सकाळी बॅग घेऊन मी धरणाच्या भिंतीवरच्या थांब्यावर एसटीची वाट बघत होतो. आबांना आदल्या दिवशीच भेटलो होतो, अक्काने डोळे पुसले होते, निरोप सगळा झाला होता. पोळा जवळ आला होता आणि पाणी काठोकाठ. खाली धाकली निघायच्या तयारीत होती. भिकाने काठावर चपला फेकल्या आणि उडी मारली, राजधरने फेकल्या आणि उडी मारली. दोरी ओढल्याबरोबर इंजिन लागलं. नाव गेली. तिचा आवाज कमी होत होत एका जागी अचानक बंद पडला. मी दचकून तिकडे बघितलं. ती पाण्यावर आपली आपण सरकत होती. घर आलं होतं. राजधरने इंजिन बंद केलं होतं.

काठावर आबा होते. त्यांनीही तो आवाज बंद पडलेला ऐकला असणार, कारण ते तेवढा वेळ नुसते उभे राहिले. पुन्हा इंजिन लागल्यावर ते हलले. बाह्या कापलेला स्वेटर, गुडघ्यावर एक हात टेकून ते सावकाश वाकले आणि विखुरलेल्या चपला एकेक करून गोळा करायला लागले. भिकाची एक लांब जाऊन पडली होती, ती घेऊन आले. चारही जोडीने लावल्या, तोंडं गावाकडे करून. मग त्यांच्या शेजारी दगडावर बसले.

माझी गाडी आली. चढताना मी शेवटचं बघितलं तेव्हा ते तसेच बसलेले होते, पाण्याकडे तोंड करून. त्यांच्या स्वतःच्या चपला पायातच होत्या.